फुटलेला धा

मशीनला नावं ठेवायला मला कुणी शिकवावं लागत नाही. उभी नोकरी मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरसमोर बसून केली, त्यामुळं मशीन कधी कधी मुद्दाम माणसाचा छळ करतं यावर माझा पक्का विश्वास आहे. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये डग्गा उशिरा यायला लागला तेव्हा मी आधी आवाज लॉपटॉपमध्ये नेणाऱ्या त्या डबीचा उद्धार केला. मग वायरींचा, मग माईकचा, मग हे सगळं पुण्याहून पाठवून देणाऱ्या आमच्या मुलाचा. सगळ्यांना नावं ठेवून झाली. फक्त माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताकडं मी बघितलं नाही.

आमचे हे उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलेले टर्नर, आणि तबलजी. तबल्यावर आमचं घर कधी चाललं नाही, पण ह्यांचं मन चाललं ते तबल्यावरच. रिटायर झाल्यावर तर दुसरं काही उरलंच नव्हतं. शेती दिरांकडं, मुलगा पुण्यात, आणि चौकात बसून गप्पा हाणायचा ह्यांचा स्वभाव नाही. सकाळी देवदर्शन करून आले की आमच्या घराखालच्या वर्कशॉपमधली लेथ सुरू व्हायच्या आत तबला-डग्गा पुढ्यात घ्यायचे, ते मी जेवायला हाक मारेपर्यंत. ह्या माणसाकडनं एवढं काढून घेतलं तर मागं काय राहील, हा विचार माझ्या मनात अधनंमधनं यायचा आणि मी तो झटकून टाकायची.

मी गाते. आमच्या जैन समाजात विधान असतं, म्हणजे आठ-आठ दिवस चालणारी मोठी पूजा. तिच्यात आरत्या, अष्टकं म्हणायला लागतात. मी गायचं आणि ह्यांनी वाजवायचं, अशी शिरोळ-हातकणंगल्याची कितीतरी गावं आम्ही केली. लग्न होऊन आले तेव्हा माझा सूर बरा होता पण लयीच्या नावानं बोंब. ह्यांनी कधी रागावून शिकवलं नाही. माझ्याकडं लक्ष ठेव, एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी लयीची काळजीच सोडली. ह्यांचा हात पडला की माझा शब्द पडायचा. गाताना मी पुस्तकात कमी आणि ह्यांच्या हाताकडं जास्त बघायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला माझ्या वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, तिकडं शिरोळला असते आणि गावातल्या बायकांचं भजनी मंडळ चालवते. ती म्हणाली, औंदा विधानाला तुम्ही दोघं येऊ नका. रोज सकाळी लवकर बसायचं म्हणजे दाजींना त्रास. त्यापेक्षा घरीच तबला आणि तुमचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, आम्ही स्पीकरवर लावून त्याच्याबरोबर म्हणू. मला जरा लागलं. इतकी वर्षं त्रास नव्हता आणि आता कुठनं आला? पण ह्यांना सांगितलं तर ते हसले. बरं झालं म्हणाले, एकदा वाजवायचं आणि आठ दिवस झोपा काढायच्या.

मुलानं सामान पाठवलं. दोन माईक, कान झाकणारे हेडफोन आणि एक डबी. माईकची वायर डबीत, डबीची वायर लॉपटॉपमध्ये, हेडफोनही त्या डबीलाच. कॉम्प्युटर मला येतो म्हणून इंजिनिअर मी. मुलाच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगल्या, पंखा बंद केला, एक माईक तबल्यासमोर, एक डग्ग्यासमोर. दार लावल्यावर आत अशी काही उकड व्हायची की हे बनियनवर बसायचे आणि मी पदरानं वारा घ्यायची.

पहिल्याच दिवशी ह्यांनी हेडफोन घातला, तबल्यावर बोट मारलं आणि हात वर उचलून माझ्याकडं बघितलं. दोनदा ऐकू येतंय म्हणाले. मी हेडफोन घालून बघितला तर खरंच. थाप एकदा उघडी ऐकू यायची आणि तिच्या पाठोपाठ कानात परत. मुलाला फोन लावला. त्यानं सांगितलं की आवाज माईकमधनं डबीत, डबीतनं लॉपटॉपमध्ये आणि तिथनं परत फिरून कानात, एवढा हेलपाटा घालतोय म्हणून उशीर होतोय. ह्या उशिराला लेटन्सी म्हणतात. लॉपटॉप आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, वाटी वाटी भरून घेतो. वाटी मोठी असली की भरायला वेळ लागतो. सेटिंगमध्ये जाऊन वाटी लहान कर.

केली लहान. उशीर कमी झाला, पण आवाजात लाह्या फुटायला लागल्या. जरा मोठी केली तर लाह्या थांबल्या आणि उशीर परत आला. दोन दिवस माझं तेच चाललं होतं, लहान कर, मोठी कर. इकडं कुकरच्या शिट्ट्या होऊन भाताचा गाळ झाला. मी त्या लॉपटॉपला जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग मुलानंच सांगितलं की डबीवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, ते दाबलं की आवाज लॉपटॉपमध्ये जायच्या आधीच डबीतनं थेट कानात येतो. दाबलं. तरी दोनदा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटी लक्षात आलं की लॉपटॉपमधनं येणारा आवाजही चालूच होता, तो बंद करायला पाहिजे. तो बंद केला आणि कानात एकदम स्वच्छ झालं. ह्यांनी एक छोटा तुकडा वाजवला आणि मान हलवली.

"आत्ता कसं, माझ्यासारखं वाजतंय," ते म्हणाले.

मला असा काही आनंद झाला म्हणता! संध्याकाळी मी शिरा केला.

आता ह्यांनी एका दिवशी वाजवायचं आणि मी दुसऱ्या दिवशी त्यावर गायचं, असं ठरलं. मुलगा म्हणाला, मग क्लिक लावा. क्लिक म्हणजे कानात सारखं टक टक वाजतं, त्याला धरून वाजवायचं. ह्यांना ते आवडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना लय दिलेल्या माणसाला एक टकटक लय दाखवणार, म्हणजे अपमानच की. पण मुलाचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी ऐकलं. आरतीचा साधा ठेका, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला.

मी ऐकायला लावला. उजवा, म्हणजे तबला, क्लिकवर अगदी चिकटलेला. आणि डग्गा मागं. फार नाही. पण वाटीत वाढलेलं ताटात सांडावं तसा प्रत्येक ठोका जागेवरनं जरा घसरलेला. मला वाटलं गेली पीडा परत आली. मी म्हटलं, मुडदा बसवला ह्या डबीचा, परत लेटन्सी सुरू झाली.

परत वाजवलं, परत तेच. डग्ग्याचा माईक लांब असेल म्हणून जवळ आणला. तेच. लॉपटॉप बंद करून चालू केला, तेच. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, आई, लेटन्सी असती तर दोन्ही मागं पडलं असतं, दोन्ही आवाज एकाच डबीतनं जातायत. मी त्याला म्हटलं, तू तिथं एसीत बसून आम्हाला अक्कल शिकवू नको, आणि फोन ठेवून दिला. तो बोलला ते मला कळलं नव्हतं असं नाही.

ह्यांनी मात्र मुलाचं बोलणं पलीकडनं ऐकलं होतं. ते उठले आणि वायरींपाशी गेले. लेथवरचा माणूस, माल खराब निघायला लागला की काय बिघडलंय ते कसं शोधायचं याची ह्यांची ठरलेली रीत होती. एका टायमाला एकच बदल करायचा आणि बघायचं. त्यांनी तबल्याची वायर डग्ग्याच्या माईकला लावली आणि डग्ग्याची तबल्याला. वाजवलं. वायर खराब असती तर आता तबला मागं पडायला पाहिजे होता. डग्गाच मागं होता. मग माईकची अदलाबदल केली. डग्गाच मागं. मग डबीवरची दोन भोकं बदलली. डग्गाच. मी लॉपटॉपवर बसलेली, दर वेळी ऐकून "तेच" म्हणायची. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज बारीक झाला होता.

मग ते बाजूला सरकले आणि मला म्हणाले, तू बस. मला कुठं वाजवता येतंय? पण ते म्हणाले नुसतं दोन्हीवर एकदम मार. मी बसले, दोन्ही हात उचलले आणि पोळपाटावर थापटल्यागत दोन्हीवर एकदम मारले. चार-सहा वेळा. लॉपटॉपवर आवाजाची रेघ दिसते, थाप पडली की तिथं डोंगर उठतो. वरच्या रेघेत तबला, खालच्या रेघेत डग्गा. माझ्या थापांचे डोंगर वर आणि खाली एका ओळीत उभे होते. माझ्या त्या अडाणी हातांचे.

मग ते बसले. तबल्यात धा हा बोल एक, पण तो दोन हातांचा. उजव्यानं तबल्यावर आणि डाव्यानं डग्ग्यावर एका क्षणात मारलं की धा होतो. शिकायला आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात तो येतो. ह्यांनी सावकाश, मोजून, नुसते धा मारले. मी पडद्यावरची रेघ मोठी करून बघितली. वरती डोंगर उठलेला, खालची रेघ अजून सपाट, आणि मग जरा पुढं जाऊन खालचा डोंगर. प्रत्येक धा असा मधनं फुटलेला. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले होते.

"मशीन बरोबर हाय," ते म्हणाले.

मी काहीतरी बडबडले. उकाडा आहे, दमलाय तुम्ही, सकाळपासनं पोटात काही नाही. त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. जेवताना मी मुद्दाम बघितलं. डाव्या हातानं ताट धरतात ते धरलेलं नव्हतं, हात मांडीवर पडून होता. असा किती दिवसांपासनं पडून होता कुणास ठाऊक. शर्टाची बटणं लावायला अलीकडं वेळ लागायचा, ते मी वयावर टाकलं होतं. देवळात कुणी जय जिनेंद्र केलं की ह्यांचा उजवा हात छातीपाशी यायचा आणि डावा मागनं येऊन त्याला मिळायचा, हे मी रोज बघत होते आणि बघत नव्हते.

दुपारी खोलीचं दार लावून ते एकटेच वाजवत बसले. धा, धा, धा. मी भांडी घासत होते. आधी मला ह्यात काही कळलं नसतं, पण एकदा डोळ्यांनी बघितल्यावर आता ते फुटणं कानालाही ऐकू यायला लागलं. दर ठोक्याला ऐकू येत होतं. नळ मोठा सोडला तरी येत होतं.

मग मला खरी भीती वाटायला लागली ती वेगळीच. आम्ही गेल्या वर्षी विधान केलं, त्याच्या आधी दोन-तीन गावांत कार्यक्रम केले, तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही? मला कसं कळलं नाही? मी वहिनीला फोन केला. आडवळणानं विचारलं, गेल्या साली दाजींचं वाजवणं कसं वाटलं तुम्हाला. ती विधानाच्या तयारीचं सांगायला लागली. मी परत विचारलं तेव्हा बोलली.

"खरं सांगू व्हय वन्सं? आम्ही थांबत हुतो," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही थांबायचा, मग तुमच्याकडं बघून आम्हीबी. आरती लांबायची. पर दाजींस्नी कोण सांगणार?"

म्हणून ते रेकॉर्डिंग, घरी परत परत वाजवून नीट करता येईल म्हणून. त्रास होईल, येऊ नका, हे सगळं त्याच्यासाठी. मंडळातल्या बायकांना कळलं होतं. मला नव्हतं, कारण ह्यांच्या हाताशिवाय दुसरी लय मी कधी ऐकलीच नव्हती. डावा हात मागं पडत गेला तशी मी मागं सरकत गेले, आणि दोघंही लयीत आहोत असं समजत राहिले. ती टकटकच तेवढी ह्यांच्यासाठी थांबली नाही.

मेंदूच्या डॉक्टरकडं गेलो. तरुण बाई होती, आमच्या मुलाएवढी. तिनं अंगठ्यावर बोट आपटायला लावलं. उजवं बोट धावलं. डावं सुरुवातीला नीट, मग बारीक बारीक होत गेलं. मनगट धरून हलवलं, बोळात इकडनं तिकडं चालायला लावलं. मला म्हणाली, बघा, चालताना डावा हात हलत नाही. मग खुर्चीवर बसवून सांगितलं. पार्किन्सन्स. कंपवात.

मी भांडायला उठले. म्हटलं, कंपवात कसा, ह्यांचा हात कुठं कापतोय? दाखवा मला कापताना. ती रागावली नाही. म्हणाली, सगळ्यांचा कापत नाही, कित्येकांना आधी हात नुसता संथ होतो, एकाच बाजूचा. तुमच्या कशावरनं लक्षात आलं? मी तिला धा सांगितला. तिनं तो कागदावर काढून मागितला. वरचा डोंगर, खालचा डोंगर. मी काढून दिला.

ह्यांनी एवढंच विचारलं की वाजवता येईल का. डॉक्टरीण म्हणाली, गोळ्यांनी फरक पडेल, रोजची कामं सोपी होतील, हात चालू ठेवा, सोडू नका. पण तुम्हाला जेवढं काटेकोर पाहिजे तेवढं येईल असा शब्द मी देत नाही. आणि हे पुढं सरकत जातं, काही वर्षांनी उजवीकडंही येईल. ह्यांनी मान हलवली. लेथवर साहेबानं नवीन ड्रॉईंग समजावून सांगितल्यावर हलवायचे तशी. येताना रिक्षात मी एकटीच बोलत होते.

गोळ्यांचा गुण आला. बटणं पटापट लागायला लागली, मी देवासमोर साखर ठेवली. एकदा धा इतका जवळ आला की मी लॉपटॉपवरनं ओरडलेच, अहो, जुळला! पण दुसऱ्या दिवशी परत तेवढंच अंतर. कधी कमी, कधी जास्त. हे रोज सकाळी मला बसवायचे आणि बघ म्हणायचे, आणि मला रोज ते डोंगर बघून सांगायला लागायचं. निकाल सांगायचं काम नको वाटायचं. एक-दोनदा मी खोटं सांगितलं. त्यांनी येऊन स्वतः बघितलं.

विधानाची तारीख जवळ आली होती. तेव्हा मी माझ्या डोक्यानं एक केलं. हे देवळात गेले असताना आरतीचं रेकॉर्डिंग उघडलं आणि डग्ग्याचा एक एक ठोका माऊसनं धरून पुढं सरकवला, वरच्या डोंगराखाली आणून ठेवला. डोळे दुखायला लागले, पाठ धरली, पण सोडलं नाही. सगळे धा परत एक केले. ते आल्यावर हेडफोन कानाला लावला आणि म्हटलं, ऐका. ह्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदा बोटं मांडीवर हलली. मला वाटलं, जमलं.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "उजवा हात माझा हाय. डावा तुझा."

मी म्हटलं, लोकांना काय कळतंय! लोक कशाला बघायला येतायत? तुमचंच वाजवणं आहे, मी फक्त जागेवर ठेवलं. ते म्हणाले, जागेवर ठेवणं म्हणजेच वाजवणं, बाकी ठोकायला कुणालाबी येतं. हे पाठवायचं असेल तर पाठव, पण माझं म्हणून पाठवू नको. मी चिडले, रडले. तुमच्या ह्या ताठ्यापायी सगळं घालवताय, असंसुद्धा म्हणाले. मी ती फाईल पुसली नाही आणि पाठवलीही नाही.

त्याच रागात मी म्हटलं, मग खरोखरच माझा घ्या डावा. मी बसते की तुमच्या डावीकडं. मला शिकवा. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा उजेड दिसला. लगेच बसलो. त्यांचा उजवा तबल्यावर, माझा डावा डग्ग्यावर. त्यांनी माझं मनगट धरून दाखवलं, कुठं दाबायचं, बोटं कशी उचलायची. ठेका सोपा होता. आठ-पंधरा दिवस सकाळ-दुपार आम्ही तेच केलं. शेजारची बाई म्हणाली, म्हातारपणी काय चाळे लावलेत. मला हसू यायचं. खरं सांगते, त्या दिवसांत मला वाटलं होतं की निभावून नेऊ आपण.

मग रेकॉर्ड करून बघितलं. माझा डग्गा मागं होता. ह्यांच्याइतका नाही, पण मागं. कधी पुढं कधी मागं असंही नाही, प्रत्येक वेळी मागंच. मी म्हटलं, नवीन आहे, होईल हळूहळू. परत केलं. परत मागं. ह्यांनी हेडफोन काढून गळ्यात घातला आणि माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ होता, लहान पोराला सांगावं तसा.

"तू माझी वाट बघतीयास," ते म्हणाले. "माझा ठोका ऐकतीयास आणि मग मारतीयास. ऐकून मारलं की उशीरच हुणार."

मी न बघता मारायचा प्रयत्न केला. डोळे मिटून केला, क्लिक मोठी करून केला. जमलं नाही. माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मी इतकी वर्षं केलं तेच तो हात करत होता. त्या दिवशी ह्यांनी तबल्यावर कापड टाकलं, डग्ग्यावर टाकलं, आणि दोन्ही उचलून कपाटावर ठेवायला मला हात द्यायला सांगितलं. मी डग्गा दिला. सकाळी देवळातनं आल्यावर त्यांनी पेपर घेतला. पेपर वाचून झाल्यावर तो परत पहिल्यापासनं वाचला. मग रोजच मी जेवायला हाक मारायच्या आत ते येऊन बसलेले असायचे.

वहिनीला काहीतरी द्यायला पाहिजे होतं. मोबाईलमध्ये तबल्याचं ॲप मिळतं, ठेका निवडायचा, वेग निवडायचा, ते वाजत राहतं. हे त्याला पत्र्याचा डबा म्हणायचे. मी नाव काढलं नसतं, पण ह्यांनीच एका सकाळी सांगितलं, तो डबा लाव आणि गाऊन टाक, बायका खोळंबल्या असतील. लॉपटॉपवर ते स्वतः बसले. कुठलं बटण दाबायचं ते मी दाखवलं. डायरेक्ट मॉनिटर लाव, म्हणजे तुला दोनदा ऐकू यायचं न्हाई, ही आठवण त्यांनीच मला करून दिली.

मी माईकसमोर उभी राहिले. कानात तो डबा वाजायला लागला. बघायला हात नव्हता, म्हणून वाकळेकडं बघत उभी राहिले. पहिला शब्द सुटला आणि माझ्या लक्षात आलं की आता मी चुकले तर कुणी सांभाळून घेणार नाही, आणि मागं राहिले तर आरती माझ्याशिवाय पुढं जाईल. त्या धास्तीनंच असेल, मी शब्दाला शब्द जोडत गेले. कडव्यामागनं कडवं. शेवटच्या ओळीनंतर ह्यांनी उजव्या हातानं बटण दाबलं आणि हेडफोन लावून पहिल्यापासनं ऐकायला बसले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते डोळे मिटून ऐकत होते. आरती संपली तरी हेडफोन काढला नाही.

"कुठंबी थांबली न्हाईस," ते म्हणाले.

आमच्या संसारात ह्यांनी माझ्या गाण्याची केलेली एवढीच स्तुती. मला म्हणायचं होतं, पुसा ते, मी थांबते, कपाटावरनं काढा तबला, मी पाहिजे तेवढं थांबते. पण त्यांनी वहिनीचा नंबर काढून मोबाईल माझ्या हातात दिला होता. मी फाईल पाठवून दिली.